आईला निघालेलं फळ

आमच्या गल्लीत ऑक्टोबर लागला की बाया एकमेकींना विचारतात, "यंदा तुमचं फळ काय निघालं?" नव्या माणसाला वाटतं, बागेबद्दल बोलणं चाललंय. आमच्या शेजारी मेंढ्या पाळणारं एक घर आहे. तिथल्या आजोबांनी एकदा आईला विचारलं होतं, "तुमाला तर गुंठाभर रान न्हाई, मग फळ कशाचं निघतंय?"

आई हसून म्हणाली, "माळंचं."

आजोबांनी स्वतःच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावून बघितला आणि म्हणाले, "आमच्या माळंला तर कधी लागलं न्हाई बुवा."

आमचं गाव घाटनांदूरच्या पुढे आहे. गावाच्या टोकाला आमची कॅथलिकांची दहा-बारा घरं. फादर महिन्यातून एकदा मिस्सेसाठी, म्हणजे मुख्य उपासनेसाठी येतात. बाकीचे दिवस आमच्याकडे असते ती जपमाळ, म्हणजे रोझरी. पाच रहस्यं, म्हणजे येशू आणि मारिया यांच्या आयुष्यातले पाच प्रसंग, प्रत्येक रहस्याचे दहा मणी, आणि प्रत्येक मण्याला 'नमो मारिया' ही एक प्रार्थना. रहस्य सुरू होण्याआधी पुढे बसलेली बाई त्या रहस्याचं फळ सांगते. देवदूताच्या निरोपाचं फळ नम्रता. मारिया एलिझाबेथला भेटायला जाते त्याचं फळ शेजारप्रेम. असं. म्हणून आमच्याकडे सद्गुणाला सद्गुण कुणी म्हणत नाही, फळच म्हणतात.

ऑक्टोबर हा माळेचा महिना. मारियामातेची मूर्ती एकेका घरी दोन-दोन दिवस मुक्कामाला असते आणि संध्याकाळी सगळे तिथे माळ म्हणायला जमतात. महिन्याच्या सुरुवातीला तालुक्याहून सिस्टर स्कूटीवर येतात. त्यांच्याजवळ स्टीलचा डबा असतो, डब्यात गुलाबी कागदाच्या घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर एकच शब्द. घरातल्या कर्त्या बाईनं एक चिठ्ठी उचलायची, आणि जे फळ निघेल ते महिनाभर सांभाळायचं. माळ म्हणताना तेच मागायचं, दिवसभर तसं वागून बघायचं.

माझ्या आईला वाचता येत नाही. तिनं गेल्या ऑक्टोबरात चिठ्ठी उचलली, कपाळाला लावली आणि माझ्या हातात दिली. "वाच."

मी घडी उघडली. 'क्षमा' असं लिहिलं होतं.

मी म्हणाले, "चिकाटी."

हे मी ठरवून केलं नव्हतं. निदान मला तसं वाटतं. तोंडातून तो शब्द निघून गेला आणि सिस्टर तोवर पुढच्या घरच्या बाईसमोर डबा धरून उभ्या होत्या. मी चिठ्ठी घडी करून मुठीत ठेवली. आई म्हणाली, "चिकाटी. चांगलं हाय की," आणि पदर सावरून बसली.

मी खोटं का बोलले ते सांगायचं तर आत्याबद्दल सांगावं लागेल.

आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. आमच्यापासून चार घरं सोडून राहते. पप्पा लहान असताना त्यांची आई गेली, तेव्हा आत्यानंच त्यांना वाढवलं. म्हणून आमच्या घरात तिचा शब्द मोठा. मी बारावी झाले तेव्हा आत्यानं माझ्यासाठी एक स्थळ आणलं होतं. मुलगा चांगला होता म्हणे. पण मला अंबाजोगाईला कॉलेजला जायचं होतं. मी नाही म्हणाले आणि माझ्या मागे आई उभी राहिली. पप्पा गवंडीकामाला लातूरला असतात, ते फोनवर "तुमी दोघी बघा" एवढंच म्हणाले.

आत्याला तो अपमान वाटला. महिन्याभरानं एका बाळाच्या बाप्तिस्म्याचं जेवण होतं, सगळी गल्ली पंगतीला बसलेली. आत्या वाढत वाढत आमच्यासमोर आली आणि भाताची परात कमरेला टेकवून आईला म्हणाली, "पोरगी कॉलेजात घातलीस, लई मोठी झालीस. तुला येत न्हाई अक्षर. उद्या ती कागदावरचं वाचून दावील तेच तुला खरं मानावं लागंल. फसवलं तरी कळायचं न्हाई."

आई खाली मान घालून बसली होती. मला वाटलं ती रडेल. पण तिनं मान वर केली आणि म्हणाली, "माझी पोरगी मला खोटं वाचून दावणार न्हाई, आक्का."

त्या दिवसापासून आई आत्याच्या घरी गेली नाही. दोन वर्षं. मूर्ती आत्याच्या घरी असली की आम्ही त्या दोन संध्याकाळी आमच्याच घरी माळ म्हणायचो.

आईचं मन कसं आहे ते मला ठाऊक होतं. चिठ्ठीवर 'क्षमा' आहे असं तिला कळलं असतं तर ती त्याच दिवशी आत्याच्या दारात जाऊन उभी राहिली असती. आणि आत्यानं तिला उंबऱ्याबाहेर ठेवून अजून चार शब्द ऐकवले असते. मला ते बघायचं नव्हतं. खरं सांगायचं तर आत्याला क्षमा मिळू नये असंही मला वाटत होतं. आईची चिठ्ठी होती, पण राग माझा होता.

चिठ्ठी मी मोबाइलच्या कव्हरमध्ये सरकवून ठेवली. आईला सांगितलं, बायबलमध्ये ठेवली आहे.

आई कुठलंही फळ हलक्यात घेत नाही. चार दिवस ती सोयाबीन काढायला जाताना, येताना 'चिकाटी' हा शब्द घोळवत राहिली. पाचव्या दिवशी मी कॉलेजहून आले तर ती अंकलिपी घेऊन ओट्यावर बसलेली. शेजारच्या आजोबांच्या नातवाची मागून आणली होती.

"काय करायलीस?" मी विचारलं.

"चिकाटी मंजी एकदा धरलं की सोडायचं न्हाई, असंच ना? मग मी अक्षरं धरली." ती 'क'वर बोट ठेवून म्हणाली. "मागं दोनदा सोडली हुती. आता फळच निघालंय तर सोडता येत न्हाई."

मी खोटं वाचलं होतं आणि त्या खोट्यातून हे उगवलं होतं. दिवसभर विळ्यानं सोयाबीन कापून तिची बोटं सोललेली असायची, त्याच बोटांत ती पेन्सिल धरायची. पेन्सिल विळ्यासारखी मुठीत धरायची आणि मी सरळ केली की म्हणायची, "अशी धरली की निसटती गं." पण रोज एक अक्षर. त्यानंतर माळ.

आईची माळ पांढऱ्या प्लास्टिकच्या मण्यांची आहे. तिसऱ्या रहस्यात एक मणी तुटून हरवलाय. तिथे आली की ती स्वतःच्या बोटाच्या पेरावर टिचकी मारते आणि ती प्रार्थना पेरावर म्हणते. लहानपणी मला ते बघून हसू यायचं. मी विचारलं होतं, नवी का घेत नाहीस? ती म्हणाली, "न्हाई त्याची आठवण ऱ्हाती."

त्या ऑक्टोबरात मात्र माळ मला जड जायला लागली. दर 'नमो मारिया'च्या शेवटी 'आम्हा पाप्यांसाठी विनंती कर' येतं. म्हणजे एका माळेत पन्नासाहून जास्त वेळा. लहानपणापासून मी ते भराभर म्हणत आले होते, बस चुकू नये म्हणून धावत जावं तसं. आता 'पाप्यांसाठी' या शब्दाशी आले की जीभ अडायची. मला वाटायचं शेजारी बसलेल्या आईला ते ऐकू येत असेल.

मग दोन गोष्टी एकदम झाल्या.

मूर्तीची घरं कुठल्या क्रमानं घ्यायची त्याची यादी असते. दोन वर्षं यादीत आत्याचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये कुणीतरी असायचं. आमच्याकडे रीत अशी की ज्यांच्या घरी मूर्ती जायची आहे त्यांनीच आधीच्या घरी जाऊन तिला घेऊन यायचं, आणि रिकाम्या हातानं जायचं नाही, फळ न्यायचं. या दिवसांत डोंगरात सीताफळं पिकलेली असतात, म्हणून बहुतेक सीताफळंच. त्या ऑक्टोबरात मधलं घर ऊसतोडीला लवकर निघून गेलं. म्हणजे सोमवारी संध्याकाळी मूर्ती आणायला आम्हाला आत्याच्याच घरी जावं लागणार होतं. आई म्हणाली, "तू जाऊन घेऊन ये. मी हितंच थांबते."

दुसरी गोष्ट शनिवारी झाली. आई तोवर 'च' आणि 'ट' ओलांडून 'त'पर्यंत आली होती. संध्याकाळी माळेला बसायच्या आधी म्हणाली, "आता ती चिठ्ठी काढ बायबलातून. 'च' येतो मला, 'क' येतो, 'ट' येतो. माझं फळ मी माझ्या हातानं गिरवते."

मी म्हणाले, "माळ झाल्यावर काढते."

आई चूल बघायला आत गेली. गुलाबी कागद घरात नव्हता, तरी मी दप्तरातून वहीचं पान फाडलं, त्यावर 'चिकाटी' लिहिलं, घडी घातली आणि बायबलमध्ये ठेवलं. अक्षर सुंदर आलं होतं. परीक्षेत येतं त्यापेक्षा चांगलं.

मूर्ती त्या दिवशी आत्याच्या घरी होती. गल्लीतून तिकडच्या माळेचा आवाज येत होता आणि आम्ही दोघी आमच्या घरात वेगळी माळ म्हणत होतो. रहस्यं वाराप्रमाणे बदलतात; सोमवार आणि शनिवार म्हणजे आनंदाची रहस्यं. पहिलं आईनं म्हटलं. दुसरं मला दिलं. मारिया एलिझाबेथच्या घरी जाते. मी फळ सांगितलं, शेजारप्रेम, आणि सुरुवात केली. चौथ्या मण्यापर्यंत गेले असेन. 'आम्हा पाप्यांसाठी' म्हटलं आणि पुढचं आठवेना. मी लहान असल्यापासून पाठ असलेली प्रार्थना. आई थांबली. तिला वाटलं मला ठसका लागला. पाणी आणायला उठली.

मी म्हणाले, "आई, पाणी नको. बस."

मी मोबाइलचं कव्हर काढलं, गुलाबी चिठ्ठी काढली. बायबलमधली पांढरी काढली. दोन्ही तिच्यासमोर ठेवल्या.

"तुला चिकाटी निघालीच नव्हती," मी म्हणाले. "ही खरी. हिच्यावर क्षमा लिहिलंय. मी खोटं वाचलं. आणि ही आत्ता मी लिहिली, तुला कळू नये म्हणून."

आईनं आधी पांढरी चिठ्ठी उचलली. बोट ठेवून वाचली, "च... क... ट." वेलांट्या-काने तिला अजून येत नव्हते. मग गुलाबी उचलली. तिच्यावर तिला एकही अक्षर ओळखता आलं नाही. तिनं ती उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली.

"कावून?" ती म्हणाली.

मी सांगितलं. आत्याच्या दारात तू उभी राहशील म्हणून. मला राग होता म्हणून.

तिकडच्या घरातून गाणं सुरू झालं होतं, म्हणजे त्यांची माळ संपली होती. मग आई हळू म्हणाली, "मंजी आक्का बोलली ती खरंच बोलली."

एवढंच. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

रविवारी ती माझ्याशी बोलली नाही. भाकरी वाढली, धुणं धुतलं, पण बोलली नाही. अंकलिपी कोनाड्यात तशीच पडून होती. मला सगळ्यात भीती त्याचीच वाटली, की ती आता अक्षरं सोडेल. तिनं चिकाटीवर विश्वास ठेवून ती धरली होती आणि चिकाटी तर खोटी निघाली. मी दिवसभर तिच्या मागे-पुढे करत होते. एकदा अंकलिपी उचलून तिच्याजवळ नेऊन ठेवली. तिनं ती परत कोनाड्यात ठेवली.

संध्याकाळी माळेला बसलो. आज ती एकटीच म्हणेल असं वाटत होतं. पण तिनं सुरुवातीलाच माळ माझ्याकडे केली. "धर."

"सगळी मी म्हणू?"

"धर म्हनलं ना."

मी माळ घेतली. ती म्हणाली, "माझं फळ क्षमा हाय न्हाई का? तीन आठवडे झाले, मी मागितलीच न्हाई ती. आता मागायला बसले तर आक्का लांबच ऱ्हायली. पयलं तुलाच लागतंय ते."

मला रडू आलं. आई म्हणाली, "रडू नगं, म्हण. मला उद्या सोयाबीनला लवकर जायचंय." मी म्हणायला लागले. खूप हळू म्हटली ती माळ. तिसऱ्या रहस्यात हरवलेल्या मण्याशी मी अडले, तर आईनं हात पुढे करून माझ्या पेरावर टिचकी मारली.

सोमवारी दुपारी आई रानातून लवकर आली. ओच्यात पाच-सहा सीताफळं होती. "बांधावरची हायेत. मालकीण म्हनली, ने." टोपलीत पालापाचोळा घालून तिनं ती मांडली, डोळे उघडलेली वर, कच्ची खाली. मग स्वच्छ लुगडं नेसली.

"तू पण येणार?" मी विचारलं.

"मारिया डोंगर तुडवीत एलिझाबेथकडं गेलती. मला हितून चार घरं न्हाई व्हत?"

वाटेत मला काय काय वाटत होतं ते सांगता येणार नाही. आत्यासमोर कबूल करायचं हे मी ठरवलं होतं. पण आत्या ते गल्लीभर करेल आणि आईच्या त्या पंगतीतल्या वाक्याचं हसं होईल, ही भीती होती. मी आईला तसं म्हणाले. आई म्हणाली, "व्हईना का."

आत्या दारातच उभी होती. पांढरे केस, कमरेवर हात. आईला बघून तिनं हात खाली घेतले. आई उंबऱ्याबाहेर थांबली आणि टोपली पुढे केली.

"आक्का, मारियाला न्यायला आलो."

आत्या काहीच बोलली नाही. तिचे ओठ हलले, परत मिटले. मला वाटलं आता सुरू होणार. मी घाईनं म्हणाले, "आत्या, तू त्या दिवशी म्हणालीस ना, मी आईला खोटं वाचून दाखवीन. मी दाखवलं. फळाची चिठ्ठी खोटी वाचली. क्षमा निघाली होती, मी चिकाटी म्हणाले. तू बरोबर होतीस."

आत्या माझ्याकडे बघतच राहिली. मग आईकडे. आई खाली बघत नव्हती, सरळ तिच्याकडे बघत होती.

"हिनंच येऊन सांगितलं तुला?" आत्यानं आईला विचारलं.

"व्हय. मला कळलं नसतं."

आत्या पुन्हा गप्प झाली. मला सहन होईना. मी म्हणाले, "आत्या, बोल ना काहीतरी."

"काय बोलू, कपाळ?" आत्या फटकन म्हणाली. "मला यंदा काय फळ निघालंय ठाव हाय का? मौन! सिस्टरनं बघूनच दिलं आसंल. तीन आठवडे जीभ चावून बसलेय. लोक इचारायलेत, म्हातारी आजारी हाय का."

आई हसली. आधी पदरात, मग मोठ्यानं. आत्यालाही हसू आलं पण तिनं ते आवरलं आणि टोपली आईच्या हातातून घेतली.

"मी म्हनलेलं खरं झालं तर मला गोड वाटाया पायजे हुतं," ती म्हणाली. "न्हाई वाटलं. पंगतीत बोलाया नगं हुतं मी. आत या. दारात उभं ऱ्हाऊन मूर्ती नेतेत काय?"

आम्ही आत गेलो. आत्यानं एक पिकलेलं सीताफळ फोडून दोघींच्या हातात अर्धं अर्धं दिलं. मग आईनं मूर्ती उचलली, मी मेणबत्ती धरली आणि गल्ली आमच्या मागे गाणं म्हणत निघाली. आत्या सगळ्यात शेवटी होती. ती आमच्या घरी दोन वर्षांनी आली आणि भिंतीला टेकून बसली. त्या दिवशी पुन्हा आनंदाची रहस्यं होती. दुसरं रहस्य आलं तेव्हा आईनं मला खूण केली. या वेळी माझे दहाही मणी पूर्ण झाले.

माझ्यात फार फरक पडलाय असं मला म्हणता येत नाही. अजूनही आत्या कधी कधी काही बोलते आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते. कॉलेजात मैत्रिणींना मी अजून पूर्ण खरं सांगत नाही, म्हणजे घरी फ्रीज नाही वगैरे. पण माळेत 'पाप्यांसाठी' हा शब्द आला की मी आता धावत नाही. तिथे थोडी थांबते.

अंकलिपी आईनं त्याच आठवड्यात परत काढली. मी भीत भीत विचारलं, "चिकाटी तर तुझी नव्हती, मग?"

"निघाली नव्हती, पर लागली की," ती म्हणाली. "आता मला ते गुलाबीवरचं वाचायचंय."

'क्ष' अंकलिपीत अगदी शेवटी येतो. तिथे पोचायला तिला नाताळ उजाडला. खूप खोडलं तिनं. "ह्ये क्ष लई अवघड हाय गं. गाठच हाय नुसती." आत्या शेजारी बसून वाल सोलत होती. ती म्हणाली, "मला दाव बरं," आणि डोळे बारीक करून बघत राहिली.

परवा बँकेचा कागद आला. आईनं नेहमीसारखा माझ्या हातात दिला, "वाच." मी वाचायला लागले तर ती माझ्या खांद्यावरून वाकली आणि माझ्या शब्दांमागून कागदावर बोट फिरवू लागली. बोट माझ्या खूप मागे पडत होतं. मी तिच्यासाठी हळू वाचत गेले.